‘जकात गोऱ्यांच्या हाती दिली आणि चीन सुधारला’: फिरणाऱ्या मेसेजमधलं खरं किती?

गेले काही आठवडे एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. दोन-तीन ग्रुपवर दिसला तेव्हा मी सोडून दिला. परवा तो भाचीने पाठवला. ती स्पर्धा परीक्षेची तयारी करते. ‘मावशी, प्रशासकीय सुधारणांवरच्या निबंधात हे उदाहरण घालू का?’ असं तिने विचारलं, तेव्हा गप्प बसणं जमलं नाही. मी इतिहास शिकवते. अर्धवट माहितीवर रचलेला असा मजकूर उद्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आणि परवा सरकारी टिपणात जाऊन बसणार असेल, तर त्यावर सविस्तर लिहायलाच हवं.

ज्यांनी तो वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सार. एकोणिसाव्या शतकात चीनची जकात, म्हणजे बंदरांवरचा आयात-निर्यातीचा कर, लाचखाऊ अधिकाऱ्यांनी पोखरली होती, म्हणून बादशहाने शहाणपणाने ती इंग्रजांच्या हाती सोपवली. रॉबर्ट हार्ट या माणसाने अठ्ठेचाळीस वर्षं निव्वळ गुणवत्तेवर खातं चालवून, एक पैसा न खाता महसूल कित्येक पटींनी वाढवला. दीपगृहं बांधली, टपाल सुरू केलं, आधुनिक चीन घडवला. तो चिनी सरकारचा साधा नोकर होता, बादशहा त्याला कधीही काढू शकत होता. इराण, कोरिया, डोमिनिकन रिपब्लिक, जिथे जिथे हा प्रयोग झाला तिथे तिजोरी भरली. आणि शेवटी निष्कर्ष: आपल्या रक्तातच लाच आहे, तेव्हा आपली बंदरं, कस्टम आणि महापालिका दहा वर्षांसाठी परदेशी अधिकाऱ्यांच्या ताब्यात द्या.

आता एकेक मुद्दा घेते.

‘बादशहाने स्वतःहून जकात सोपवली.’ हे धडधडीत खोटं आहे, आणि पुढचं सगळं यावरच उभं असल्यामुळे इथे जरा थांबायला हवं.

१८५३ चा सप्टेंबर. दक्षिण आणि मध्य चीनमध्ये बादशाही राजवटीविरुद्धच्या ताइपिंग बंडाचा वणवा पेटलेला. त्याच धामधुमीत ‘छोटी तलवार’ नावाच्या संघटनेच्या लोकांनी शांघायचं तटबंदीतलं शहर ताब्यात घेतलं. तिथला चिनी अधिकारी वू ज्येनचांग जीव वाचवून निसटला. जकातघर तटाबाहेर, नदीकाठी, परकीय वसाहतीच्या बाजूला होतं. ते लुटलं गेलं. वू काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. तो कँटनचा (आजच्या ग्वांगजौचा) जुना व्यापारी, त्याचे परदेशी पेढ्यांशी लागेबांधे होते, हे मान्य. पण पुढे काय झालं ते पाहा. वूने जकात पुन्हा गोळा करायचा प्रयत्न केला, तेव्हा ब्रिटिश कॉन्सल, म्हणजे तिथला ब्रिटनचा सरकारी प्रतिनिधी, रदरफर्ड ऑल्कॉकने तटस्थतेचं कारण पुढे करून त्याला जुन्या जागी बसू दिलं नाही. मग त्याने ह्वांगपू नदीत जहाजांवर तरंगतं जकातघर मांडलं, तर त्यालाही मान्यता मिळेना. दरम्यान व्यापार जोरात चालू होता. रेशीम आणि चहा जात होता, कापड आणि अफू येत होती. ब्रिटिश व्यापाऱ्यांनी जकातीच्या रकमेची हमीपत्रं आपल्या कॉन्सलकडे लिहून ठेवली, इतर काही देशांची जहाजं तर काहीच न भरता निघून गेली. त्या ब्रिटिश हमीपत्रांचे पैसे चीनच्या तिजोरीत कधीच आले नाहीत.

म्हणजे चिनी अधिकारी जकात वसूल करायला तयार होता आणि त्याला ती करू दिली जात नव्हती. अशा कोंडीत सापडलेल्या वूने १८५४ च्या जूनअखेर ब्रिटिश, अमेरिकन आणि फ्रेंच कॉन्सलांशी करार केला, आणि जुलैमध्ये तीन देशांचे तीन निरीक्षक शांघायच्या जकातघरात बसले: ब्रिटनचा टॉमस वेड, अमेरिकेचा लुईस कार, फ्रान्सचा आर्थर स्मिथ. त्यांची नावं कॉन्सलांनी सुचवलेली. पेकिंगच्या (आजच्या बीजिंगच्या) बादशहाने देशभरातले अर्ज मागवून निवडलेली ही माणसं नव्हेत.

आणि हे शांघायपुरतं का थांबलं नाही? कारण ब्रिटन आणि फ्रान्सने चीनशी केलेलं दुसरं अफूयुद्ध. १८५८ मध्ये त्येनजिनचा तह लादला गेला, आणि त्याच वर्षी ठरलेल्या जकातीच्या नियमांत परदेशी व्यापाराला खुल्या केलेल्या सगळ्या बंदरांवर एकच पद्धत लागू करायचं कलम घातलं गेलं. त्याच नियमांनी अफूची आयात कायदेशीर झाली. १८६० मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्य पेकिंगमध्ये घुसलं, बादशहाचा उन्हाळी राजवाडा जाळला, आणि दोघांना प्रत्येकी ८० लाख टेल (टेल हे चांदी मोजायचं चिनी वजन) चांदी युद्धखर्चाची भरपाई म्हणून द्यायची ठरली. ती कुठून? जकातीतून. ढोबळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा ब्रिटनला, पाचवा फ्रान्सला. घरावर चाल करून आलेल्यांनीच वसुलीला माणसं बसवली, त्याला ‘बादशहाचं शहाणपण’ म्हणायचं?

लाचखोरीबद्दल एक गोष्ट. चिनी जकात अधिकारी लाच घेत होते, यात वाद नाही. पण ती देत कोण होतं? तहांमुळे परदेशी व्यापाऱ्यांवर चिनी कायदा चालत नव्हता. खोटी मालयादी दाखवणाऱ्या, रात्रीतून गाठोडी उतरवणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्याला चिनी अधिकारी ना अटक करू शकत होता, ना चिनी न्यायाधीशापुढे उभा करू शकत होता. त्याचा खटला त्याच्याच कॉन्सलपुढे. ज्याच्याकडे शिक्षेचा अधिकारच नाही, त्या अधिकाऱ्यापुढे तडजोडीशिवाय मार्ग उरत नाही. परदेशी निरीक्षक बसल्यावर परदेशी व्यापारी वठणीवर आले, यामागचं मोठं कारण हे आहे. मेसेजमध्ये याबद्दल अवाक्षर नाही.

‘हार्टने एक पैसा न खाता महसूल कित्येक पटींनी वाढवला.’ यातलं पहिलं अर्धं मी मान्य करते. हार्ट पैसे खाणारा नव्हता, आणि त्याने खातं शिस्तीत चालवलं. आयर्लंडमधल्या पोर्टाडाउनचा हा मुलगा १८५४ मध्ये विशीही ओलांडायच्या आत दुभाष्याच्या उमेदवारीवर चीनला आला, १८५९ मध्ये जकात खात्यात गेला आणि १८६३ मध्ये त्याचा इन्स्पेक्टर जनरल झाला. त्याने बसवलेली पद्धत खरोखर चोख होती. जहाज बंदराला लागलं की कप्तानाने जहाजाचे कागद आपल्या कॉन्सलकडे ठेवायचे आणि मालाची यादी जकातघरात द्यायची. टाइडवेटर म्हणून ओळखला जाणारा शिपाईगडी जहाजावर चढून पहारा द्यायचा, परवाना हातात आल्याशिवाय जहाजातल्या मालाच्या कोठाराची दारं उघडू द्यायचा नाही. मग तपासनीस गाठोडी फोडून वजन-माप घ्यायचा, जकातीचा मेमो निघायचा. पैसे तपासनिसाच्या हातात पडायचेच नाहीत. ते वेगळ्या बँकेत भरायचे आणि तिची पावती दाखवली की माल सुटायचा. सगळं देणं फिटलं की ‘ग्रँड चॉप’ नावाचा शिक्क्याचा दाखला मिळायचा. तो दाखवल्याशिवाय कॉन्सल कागद परत देत नसे आणि कागदांशिवाय जहाज हलत नसे. मुंबईच्या गोदीत किंवा न्हावा-शेव्याला माल सोडवून घेणाऱ्या कुणालाही या साखळीतली प्रत्येक कडी ओळखता येईल.

एक गोष्ट मात्र मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊकच नाही. हार्टच्या काळात परदेशी अधिकारी फक्त आकारणी करत. गोळा झालेली चांदी चिनी अधीक्षकाच्या अखत्यारीतल्या बँकेत जायची आणि तिथून चिनी सरकारकडे. म्हणजे ज्या काळाचं एवढं कौतुक चाललं आहे त्या काळात तिजोरीच्या किल्ल्या चिनी लोकांकडेच होत्या.

आता ‘कित्येक पटींनी’. १८६० च्या दशकाच्या मध्याला उत्पन्न सुमारे ८० लाख टेल होतं, १८९० च्या सुमारास दोन कोटींच्या वर. वाढ खरी आहे. पण तहांनी खुली केलेली बंदरं पाचावरून वाढत गेली, सुएझचा कालवा झाला, आगबोटी आल्या, व्यापारच फुगला. आणि या सगळ्यांत एक उडी ठळक दिसते: १८८६ मध्ये सुमारे दीड कोटी, १८८७ मध्ये एकदम दोन कोटींवर. एका वर्षात अधिकारी अचानक जास्त प्रामाणिक झाले का? १ फेब्रुवारी १८८७ पासून अफूवरचा अंतर्गत कर, जो आधी प्रांत आपापला गोळा करत, तो बंदरावरच जकात खात्याने घ्यायचा असं ठरलं. पिकुलमागे, म्हणजे साधारण साठ किलोमागे, ३० टेल जकात आणि वर ८० टेल हा कर. प्रांतांच्या खात्यातला पैसा या खात्यात आला, एवढंच त्या उडीचं रहस्य.

आणि ही अफू आपल्याकडून जात होती. बंगाल-बिहारची कलकत्त्याहून, माळव्याची मुंबईहून. माळव्याच्या पेट्यांवर कंपनी सरकार आणि नंतर ब्रिटिश सरकार पासाचे पैसे घ्यायचं. त्या व्यापारावर मुंबईत किती दौलती उभ्या राहिल्या हे इथल्या लोकांना नव्याने सांगायला नको. म्हणजे एकाच पेटीवर मुंबईत इंग्रज अधिकारी पैसे घ्यायचा आणि शांघायला पुन्हा इंग्रजच अधिकारी जकात लावायचा. व्यसनाने माणसं मोडत होती ती चिनी. या उत्पन्नाला ‘सुधारणा’ म्हणताना निदान तेवढं तरी लिहायला हवं होतं.

पण खरा प्रश्न यापुढचा आहे: पैसा गेला कुठे? १८९५ मध्ये जपानकडून हरल्यावर चीनला २० कोटी टेल भरपाई द्यावी लागली, ल्याओतुंग द्वीपकल्प परत मिळवायला आणखी ३ कोटी. त्यासाठी रशिया-फ्रान्सकडून, मग दोनदा ब्रिटिश-जर्मन बँकांकडून कर्ज. तारण जकातीचं. १९०१ मध्ये परकीयांविरुद्धच्या बॉक्सर बंडानंतर ४५ कोटी टेलची भरपाई, ३९ वर्षांच्या हप्त्यांनी, चार टक्के व्याजाने. तारण पुन्हा जकातीचं, जोडीला मिठाच्या कराचं, आणि बंदरांजवळची देशी जकातही याच खात्याच्या हाती. महसूल चोख गोळा होत होता आणि तो शाळा, रस्ते, सैन्य यांच्याकडे न जाता लंडन, पॅरिस, सेंट पीटर्सबर्ग, टोकियोच्या हप्त्यांत जात होता. वसुलीची शिस्त जितकी कडक, तितका सावकार निर्धास्त.

मग १९११ ची क्रांती झाली आणि उरलासुरला आडपडदाही गेला. हार्टच्या जागी आलेल्या फ्रान्सिस आग्लेनने चांदी थेट आपल्या ताब्यात घेतली. १९१२ पासून ती हाँगकाँग अँड शांघाय बँकेसारख्या परदेशी बँकांत जमा व्हायला लागली. आधी कर्जाचे हप्ते, मग उरलं तर ‘शिल्लक’, आणि ती शिल्लक चिनी सरकारला द्यायची की नाही हे ठरवणार पेकिंगमधले परदेशी राजदूत. १९२३ मध्ये राष्ट्रवादी नेता सन यत्-सेनच्या कँटन सरकारने, आपल्याच बंदरात गोळा झालेल्या जकातीच्या शिल्लकेतला वाटा आपल्याला मिळावा अशी मागणी केली आणि न मिळाल्यास जकातघर ताब्यात घेण्याची भाषा केली. उत्तर म्हणून ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, जपान वगैरेंच्या डझनाहून जास्त युद्धनौका कँटनच्या नदीत येऊन उभ्या राहिल्या. आपल्या शहरातला कर आपल्याला मिळावा एवढीच मागणी, आणि समोर तोफा. मेसेज लिहिणाऱ्याला हार्टची दीपगृहं दिसली आणि या युद्धनौका दिसल्या नाहीत, हे मला पटत नाही. त्या गाळल्या आहेत.

‘तो चिनी सरकारचा साधा नोकर होता.’ या मुद्द्यावर एक अस्सल कागद आहे. २१ जून १८६४ ला हार्टने सगळ्या कर्मचाऱ्यांना काढलेलं आठव्या क्रमांकाचं परिपत्रक. त्यात तो स्वच्छ सांगतो की हे खातं चिनी आहे, परदेशी नाही, हे प्रत्येकाने सतत ध्यानात ठेवावं. आपण चिनी सरकारचे पगारी हस्तक आहोत आणि ठरवून दिलेलं काम नीट करणं हे आपलं पहिलं कर्तव्य. चिनी लोक आणि चिनी अधिकारी दुखावतील असं वागू नये. हार्टचे चाहते हे परिपत्रक पुन्हा पुन्हा पुढे करतात. मीही ते मोठ्या मोलाचं मानते, पण ते पूर्ण वाचून. असा हुकूम केव्हा काढावा लागतो? खात्यातले लोक वेगळं वागत असतात तेव्हा. हार्टच्या आधीचा प्रमुख होरॅशियो नेल्सन ले याने चीनसाठी ब्रिटनमध्ये आरमार तयार करवलं आणि करार असा केला की त्या आरमाराचा कप्तान ऑस्बर्न फक्त बादशहाचे हुकूम पाळील, तेही लेच्या हातून आलेले, आणि लेला वाटलं तर तो ते पुढे पाठवणार नाही! आशियाई रानटी माणसाच्या हाताखाली सभ्य गृहस्थाने काम करायचं ही कल्पनाच हास्यास्पद आहे, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं आहे. चीनने आरमार परत पाठवलं आणि १८६३ मध्ये लेला काढलं. तेव्हा ‘बादशहा काढू शकत होता’ हे त्या वर्षापुरतं खरं, एवढं मी देते.

नंतरचं बघा. १८८५ मध्ये ब्रिटनने याच ‘चिनी नोकराला’ पेकिंगमधला आपला राजदूत नेमलं. हार्टने आधी होकार भरला आणि मग माघार घेतली. मोठं कारण हे की आपल्या मागे जकात खातं ब्रिटिश नसलेल्या माणसाच्या हाती जाईल ही धास्ती. चिनी सरकारच्या नोकराला ही धास्ती का वाटावी? १८९६ आणि १८९८ च्या कर्जकरारांत, कर्ज फिटेपर्यंत जकात खात्याची व्यवस्था आहे तशीच राहील असं कलम आलं. १८९८ मध्ये ब्रिटनने वचनही घेतलं की चीनच्या व्यापारात ब्रिटनचा वाटा सर्वांत मोठा आहे तोवर इन्स्पेक्टर जनरल ब्रिटिशच असेल. १९०६ मध्ये चिनी दरबाराने या खात्यावर देखरेखीसाठी आपलं मंडळ नेमलं, तर ब्रिटनने निषेध नोंदवला. मालकाने आपल्या नोकरावर लक्ष ठेवायचं ठरवलं आणि शेजारच्याने तक्रार केली. परिपत्रकातलं वाक्य आणि ही वर्षं शेजारी शेजारी ठेवली की मेसेजमधला हा मुद्दा आपोआप गळून पडतो.

जाता जाता, ‘निव्वळ गुणवत्तेवर’ चाललेल्या या खात्यात हार्टचा भाऊ जेम्स होता, मेहुणा रॉबर्ट ब्रेडन हार्ट रजेवर गेल्यावर कार्यवाहक प्रमुख झाला, आणि भाचा फ्रेडरिक मेझ १९२९ मध्ये इन्स्पेक्टर जनरल. आपल्याकडच्या घराणेशाहीला नावं ठेवणाऱ्यांनी हेही वाचावं.

दीपगृहं, टपाल, व्यापाराची आकडेवारी. हे खरं आहे. किनाऱ्यावरची दीपगृहं या खात्याने बांधली, १८९६ मध्ये सुरू झालेलं शाही टपाल हार्टच्याच देखरेखीखाली वाढलं, खात्याची आकडेवारी आजही अभ्यासकांना लागते. याच खात्याच्या नोकरीत अमॉयला असताना पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरने हत्तीरोगाचे जंतू डासाच्या पोटात वाढतात हे शोधलं. पण दीपगृहं जहाजांकडून घेतलेल्या टनेज करातून झाली, तो पैसा चीनचाच होता. पुढे जाऊ.

इराण, कोरिया, डोमिनिकन रिपब्लिक. इराणने १८९८ मध्ये बेल्जियन अधिकारी आणले, त्यांचा प्रमुख जोसेफ नाउस. वसुली वाढली, आणि नव्या जकातदरांत झुकतं माप मिळालं रशियाला. मुल्लाच्या वेषातला नाउसचा फोटो बाहेर आला, १९०५ मध्ये तेहरानचे व्यापारी आणि धर्मगुरू रस्त्यावर आले, आणि १९०७ मध्ये नव्या संसदेच्या रेट्याने त्याला जावं लागलं. इराणच्या घटनात्मक क्रांतीच्या ठिणग्यांत हे जकात प्रकरण मोजतात. कोरियाची जकात बड्या सत्तांच्या ओढाताणीतलं प्यादं झाली आणि शेवटी देशच जपानने गिळला. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये अमेरिकेने १९०५ पासून जकात वसूल केली, त्यातले ४५ टक्के तिथल्या सरकारला आणि बाकीचे सावकारांसाठी. १९१६ मध्ये अमेरिकन सैनिक उतरले ते १९२४ पर्यंत हलले नाहीत. ‘तिजोरी भरली’ हे वाक्य लिहिताना कुणाची, हे लिहायचं राहून गेलं.

परदेशी माणूस कामावर ठेवूच नये असं मी म्हणत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मेइजी काळात, जपानने इंजिनिअर, डॉक्टर, कायदेपंडित, लष्करी शिक्षक परदेशातून आणले, भरमसाट पगार दिले, मुदतीचे करार केले, आणि आपली माणसं तयार झाली की त्यांना निरोप दिला. तहांनी जपानचेही जकातदर बांधून टाकले होते, पण जकातघर जपानी अधिकाऱ्यांच्याच हाती राहिलं आणि १९११ मध्ये दर ठरवण्याचा अधिकारही त्यांनी परत मिळवला. प्रशासकीय सुधारणेचं उदाहरणच हवं असेल तर हे घ्यावं.

आता शेवटचा, आणि मला सर्वांत चीड आणणारा मुद्दा. ‘आपल्या रक्तातच लाच आहे, म्हणून कस्टम गोऱ्यांना द्या.’

अहो, दिलेलं होतं! मुंबईचं कस्टम हाऊस गोऱ्या अधिकाऱ्यांच्याच हुकमतीत होतं. त्यांनी काय केलं? मँचेस्टरच्या गिरणीमालकांच्या दबावाने १८८२ पर्यंत हिंदुस्थानातली जवळपास सगळी आयात जकात काढली. पैशांची चणचण झाली म्हणून १८९४ मध्ये ती परत आणावी लागली, तर लँकेशायरची, म्हणजे मँचेस्टरच्या परगण्याची, ओरड झाली. मग १८९६ मध्ये परदेशी कापडावर साडेतीन टक्के जकात आणि त्याचा तोल साधायला मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के कर. परळ-लालबागच्या गिरण्यांत विणलेल्या कापडावर, इथे बनून इथेच विकल्या जाणाऱ्या धोतरजोडीवर कर, कारण लँकेशायरच्या धोतराला त्रास नको. तो १९२५ च्या डिसेंबरपर्यंत चालला. कागदोपत्री या अधिकाऱ्यांचं काम स्वच्छ होतं. समजा, कुणी टेबलाखालून काही घेतही नव्हतं. तरीही गिरणगावाच्या तोंडचा घास काढला जात होता, आणि तोही कायदेशीरपणे, पावती देऊन.

राहिली रक्ताची गोष्ट. हार्टच्या खात्यात परदेशी लोक काहीशे होते आणि चिनी काही हजार: कारकून, दुभाषे, वजन करणारे, नावाडी, पहारेकरी. तीच माणसं, तेच ‘रक्त’, आणि खातं चोख. कारण पगार ठरलेला आणि वेळेवर मिळणारा, बदल्या ठरलेल्या, हिशेब तपासले जाणारे, पैसा आणि तपासणी वेगवेगळ्या हातांत. बाहेरच्या चिनी जकातदाराला मात्र ठरावीक रक्कम वर पाठवायची आणि उरेल त्यात आपला नि आपल्या माणसांचा खर्च भागवायचा, अशी जुनी रीत होती. फरक रीतीत होता. एवढं असून या चिनी कर्मचाऱ्यांना वरच्या जागा कितीतरी दशकं बंद होत्या. १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत कुणी चिनी माणूस कमिशनरच्या खुर्चीवर पोचत नव्हता.

आणि १९२९ काय सांगतं? त्या वर्षी १ फेब्रुवारीपासून चीनने स्वतः ठरवलेले जकातदर लागू केले. जवळपास ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं तहांनी पाच टक्क्यांच्या आसपास बांधून ठेवलेला, आणि चांदीच्या हिशेबात कित्येकदा त्याहूनही खाली घसरलेला दर, अखेर सुटला. त्याच सुमारास परदेशी अधिकाऱ्यांची नवी भरती थांबवली गेली आणि चिनी अधिकारी वरच्या जागांवर यायला लागले. पुढच्या दोन-तीन वर्षांतच जकातीचं उत्पन्न दुपटीच्या वर गेलं. चांदी स्वस्त झाल्याचा त्यात काही वाटा होता, पण मुख्य कारण नवे दर. जकातघरं तीच होती, मेमो आणि पावत्या त्याच, टेबलांवरची बहुतेक माणसंही तीच. हार्टला अठ्ठेचाळीस वर्षांत हे दर एका तहालाही धक्का न लावता बदलता आले नसते, आणि तो ज्यांच्या मर्जीवर त्या खुर्चीत होता त्यांनी ते बदलू दिलेही नसते.